काळ्या पाषाणातली नोंद

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं गाव. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे त्याचं नाव घराघरांत पोचलं. पुढे मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी शोधायला सुरुवात झाली. मोडीतले, उर्दूतले कागद दप्तरांतून बाहेर निघाले. कोण मूळचा कोण, हे त्या कागदांनी सांगायचं होतं. मला तेव्हा वाटायचं, या गावाच्या पायाखालीही एक नोंद आहे; तिच्याविषयी कधीतरी बोलावं.

आपल्याकडे विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून वर आला आणि थरावर थर साचत गेले. त्यात मॅग्नेटाइट जातीच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात.

या कणांतला लोहाचा प्रत्येक अणू हा इवलासा चुंबक. पण दोन लोहअणूंच्या मध्ये ऑक्सिजन बसलेला असतो. मग त्यांचा एकमेकांशी संबंध येतो कसा? हा मधला ऑक्सिजनच दुवा होतो, असं डच शास्त्रज्ञ क्रामर्स यांनी १९३४ साली मांडलं. मॅग्नेटाइटमध्ये या दुव्यामुळे अणूंचे दोन गट परस्परविरुद्ध तोंडं करून उभे राहतात. तर मग सगळं फिटून शून्य का होत नाही? फ्रान्सच्या लुई नेल यांनी १९४८ साली उत्तर दिलं : दोन्ही गटांचं बळ सारखं नसतं. वजाबाकीनंतर जे उरतं, ते खनिजाचं चुंबकत्व. नेल यांना १९७० साली नोबेल मिळालं.

सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर शुद्ध मॅग्नेटाइटमधली ही शिस्त मोडते. आपल्या पाषाणात टायटॅनियमही मिसळलेलं असतं. ते काही लोहअणूंची जागा घेतं, दुवे कमी होतात आणि ती मर्यादा आणखी खाली येते. लाव्हा निवताना शिस्त पुन्हा जुळते आणि त्या घडीची पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा दगडात कायम होते.

ही नोंद वाचण्याइतकं नाजूक यंत्र ब्लॅकेट यांनी इंग्लंडात तयार केलं. एका धाग्याला दोन चुंबक, तोंडं उलट दिशांना. पृथ्वीचा ओढा त्यामुळे परस्पर फिटतो आणि दगडाचा क्षीण ओढा तेवढा जाणवतो. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेलं. विषुववृत्तावर चुंबकसुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते. तेव्हा दगडातला कल म्हणजे त्याच्या जन्मगावचा पत्ताच. तो पत्ता निघाला दक्षिण गोलार्धातला, आजच्या हिशेबानं विषुववृत्ताच्या सुमारे ३० अंश खालचा. आज अंतरवाली सराटी विषुववृत्ताच्या १९ अंश वर आहे. म्हणजे या जमिनीनं पाच हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास केला. सरासरी वर्षाला आठेक सेंटिमीटर. खंड सरकतात हे वेगेनर यांनी १९१२ साली सांगितलं, तेव्हा बहुतेकांनी ते उडवून लावलं होतं. ते खरं ठरवणाऱ्या साक्षीदारांत आपला काळा पाषाणही आहे.

मी मराठीत कविता लिहितो म्हटलं, की माझं नाव ऐकून कुणीतरी हमखास विचारतं, “तुम्ही मूळचे कुठले?” पूर्वी मी गावाचं नाव सांगून गप्प बसायचो. आता विहिरीतला हा दगड आठवतो. कागदावरच्या नोंदीवर माणसाची भाकरी आणि शिक्षण अवलंबून असतं. तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या जमिनीवर उभं राहून आपण एकमेकांचं मूळ विचारतो, ती जमीनही कधीकाळी दुरून आलेली आहे. एवढं ध्यानात ठेवलं, तर तोच प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली येईल.