घरकुल मंजूर, पण जागा कुणाची?

घरकुलांच्या याद्या पुन्हा फिरायला लागल्यात. आपल्या रायगडात कातकरी वाडीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, "मंजूर आहे हो, पण जागा नाही." आणि पाठोपाठ दुसरं, "सरकार पैसे देतं तरी हे लोक घर बांधत नाहीत." हे दुसरं वाक्य मला खटकतं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

कातकरी हे नावच कामावरून पडलं. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगल सरकारी झालं, खैरतोडीवर बंधनं आली, आणि हा धंदा हातातून गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, सावकाराची उचल, शेतावरची मजुरी. लावणीला हाताशी माणसं हवीत म्हणून जमीनमालकांनी त्यांना वरकस माळावर झोपड्या टाकू दिल्या. सगळा व्यवहार तोंडी. भाड्याची पावती नाही, कागद नाही. आजच्या कितीतरी वाड्या अशाच वसल्या.

आता 1948 चा कूळ कायदा. 'कसेल त्याची जमीन' सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच कायद्यात कलम 16, 17 आणि 18 घरांबद्दल आहेत. मालकाच्या जमिनीवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल तर त्याला तिथून काढता येत नाही, आणि जागा विकायची झाली तर विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा. शेतमजूर आणि गावचे कारागीर यांनाही हे संरक्षण दिलेलं आहे. म्हणजे 'जागा नाही' या दुखण्यावरचं औषध पंचाहत्तर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं.

मग लागू का पडलं नाही? 1 एप्रिल 1957 ला कुळं मालक झाली, कारण तलाठ्याच्या दप्तरात त्यांची वहिवाट लागलेली होती. कातकऱ्याची झोपडी दप्तरात कुठेच नव्हती. उलट त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी वाडीखालच्या जमिनीचा मालक तेवढा बदलला. आधी सावकार होता, आता कालचं कूळ. हे बोललं की आपल्यातलेच काहीजण चिडतात, पण सातबारे काढून बघा.

पुढे घरांच्या योजना आल्या. इंदिरा आवास 1985-86 मध्ये सुरू झाली, तीच मुळी अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी. 2016 पासून प्रधानमंत्री आवास, सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. या सगळ्या योजना भिंती आणि छपराचा हिशोब करतात. खालची जमीन लाभार्थ्याकडे आहे असं गृहीतच धरलेलं असतं.

तोवर जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला. 1970 ला सिडको आली, नंतर एक्सप्रेसवे, मग फार्महाऊस. ज्या माळाला कुणी विचारत नव्हतं तो गुंठ्यावर विकायला लागला. लावणीला मजूर हवा म्हणून ठेवलेली वाडी आता सौद्यात अडचण झाली. माळाला तारेचं कुंपण पडतं, पाण्याची वाट बंद होते, आणि कच्चं घर पक्कं करायला घेतलं की मालकाचा माणूस हजर. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडावर परततो. सर्व्हे नेमका या मधल्या काळात झाला तर घराला कुलूप सापडतं, आणि नाव जातं.

शासनाला हे कळलंच नाही असं नाही. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी 50 हजार आणि पुढे 1 लाख रुपये ठेवले. 500 चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्यापेक्षाही कमी. आणि 1947 चा तुकडेबंदी कायदा म्हणतो, शेतजमिनीचा इतका छोटा तुकडा विकता येत नाही! एक खातं पैसे देतं, दुसरं खातं दस्त करू देत नाही. 2024 मध्ये नियम बदलून ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला 1000 चौरस फुटांपर्यंत सूट दिली, तेव्हा कुठे ही गाठ सैल झाली. पण त्या पैशात आपल्याकडे अर्धा गुंठा मिळतो का, हे तुम्हीच सांगा.

नोव्हेंबर 2023 पासून पीएम-जनमन आहे. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांना घरासाठी 2 लाख. रक्कम वाढली, पण जागेचा प्रश्न होता तिथेच आहे.

माझं मत असं की एकेका कुटुंबाने मालकाच्या दारात जाऊन हे सुटणार नाही. वाडीच गावठाण व्हायला हवी. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 मध्ये गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. जिथे वाडी सरकारी जमिनीवर आहे तिथे हे आधी करता येईल. खासगी जमिनीवर असेल तिथे 1948 ची कलमं काढा. त्यासाठी तिथे किती वर्षं राहतोय याचा पुरावा लागतो: ग्रामपंचायतीचा नमुना 8, जुनी मतदार यादी, शाळेचा दाखला, लाईटबिल. हे कागद ग्रामपंचायतीत आणि शाळेत पडून आहेत, काढून देणारा माणूस पाहिजे.

येत्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल तेव्हा एवढंच विचारा, यातल्या जागा नसलेल्यांची वेगळी यादी केलीय का, आणि त्यातल्या किती वाड्यांचा गावठाणाचा प्रस्ताव तहसीलला गेलाय. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि सभा शक्यतो ते भट्टीवरून परत आल्यावर ठेवायला सांगा.