टॉप स्टेशनवर 'स्टेशन' कुठंय?

मुन्नारला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे टॉप स्टेशनचा एक तरी फोटो असतोच. पण तिथं स्टेशन कुठंय, हा प्रश्न किती जणांना पडतो?

स्टेशन खरंच होतं. मुन्नारचा चहा वाहायला 1902 मध्ये मोनोरेल आणि 1908 मध्ये छोटी रेल्वे आली. चहा टॉप स्टेशनपर्यंत रेल्वेनं जायचा, तिथून रोपवेनं खाली तमिळ मुलखात उतरायचा. जुलै 1924 च्या महापुरात रेल्वे वाहून गेली. ती पुन्हा उभी राहिली नाही.

चहा मात्र थांबला नाही, कारण तो खुडणारे हात होते. हे मजूर बहुतेक तमिळ. पिढ्यान् पिढ्या मळ्यातल्या चाळीवजा खोल्यांत राहणारे. नोकरी संपली की घरही गेलं! 2015 मध्ये याच बायका 20 टक्के बोनससाठी रस्त्यावर बसल्या, तेही युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून.

ऑगस्ट 2020 मध्ये पेट्टीमुडीत रात्री दरड कोसळली. अशाच खोल्यांमधले 70 जीव गेले. तिथून जवळच राजमलाला आपण नीलगिरी ताहर बघायला रांग लावतो.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी बघितलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. डोंगर कोसळतो तेव्हा आधी गरिबाचंच घर जातं.

मुन्नारला जरूर जा मंडळी. फोटोही काढा. फक्त त्या हिरव्या उतारावर माणसंही राहतात, एवढं ध्यानात असू द्या.