बडतर्फ : हो / नाही

नवी कंपनी जॉइन करताना व्हेरिफिकेशनचा फॉर्म तुम्हीही भरला असेल. 'आधीच्या नोकरीतून कधी काढून टाकलं होतं का? हो / नाही.' गेल्या आठवड्यात डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या मी तो मोबाईलवर भरत होतो. का काढलं, हे लिहायला जागाच नाही! तेवढ्यात मुलुंड गेलं आणि १९४६ चे खलाशी आठवले.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याला नौदलाची 'तलवार' नावाची सिग्नल शाळा होती. घाणेरडं जेवण आणि गोऱ्या साहेबाच्या शिव्या यांना कंटाळून तिथल्या पोरांनी संप केला. बी. सी. दत्त या टेलिग्राफिस्टला भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल २ तारखेलाच पकडलं होतं. बघता बघता ७८ जहाजं आणि वीसेक हजार खलाशी संपात उतरले. वयं विशीची, म्हणजे आपल्या फ्रेशर्सएवढी! सरदार पटेलांनी समजावलं, सूडाची कारवाई होऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करेल असा शब्द दिला, आणि २३ ला पोरं शरण आली.

मग धरपकड. बऱ्याच जणांना मुलुंडच्या छावणीत डांबलं. ४७६ जण नौदलातून गेले.

दीड वर्षात स्वातंत्र्य आलं. आता तरी परत घेतील ना? छे! ना भारताच्या नौदलाने घेतलं, ना पाकिस्तानच्या. आझाद हिंद सेनेचं तेच. तिथले शाहनवाज खान पुढे नेहरूंच्या सरकारात उपमंत्री झाले, पण त्यांच्या सैनिकांना लष्कराचं दार बंदच. देश चालवायला चालतो, बंदूक धरायला नाही. गंमत आहे की नाही?

लष्कराची बाजू मला कळते. हुकूम मोडणाऱ्याला परत घेतलं तर उद्या दुसरा मोडेल. पण शेरा लिहिणारं सरकार गेलं, शेरा मात्र तसाच राहिला, हे काही पटत नाही राव.

आजही अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीसारख्या ठिकाणी लागायचं तर पोलीस पडताळणी आलीच. मात्र २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की तरुणपणीचा किरकोळ गुन्हा लपवला असला तरी मालक तो सोडून देऊ शकतो. म्हणजे 'हो'च्या पुढे निदान थोडी जागा झाली.

आणि दत्त? नौदलाने नंतर आपल्या एका टगबोटीला त्यांचं नाव दिलं.