कुत्रा खोकतोय? साधा खोकला आणि गंभीर आजार यातला फरक कसा ओळखाल?

कुत्रा मान पुढे ताणून कोरडा, खर्जातला खोकला काढतो. शेवटी उबळ येते आणि थोडा पांढरा फेस पडतो. घरच्यांना वाटतं, घशात हाड अडकलंय. बऱ्याचदा हा 'केनेल कफ' असतो. पण खोकल्यामागे जीवघेणा आजारही असू शकतो. म्हणून खोकल्यासोबत आणखी काय दिसतंय, ते बघणं महत्त्वाचं.

केनेल कफ म्हणजे काय?

बोर्डेटेला हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू यामुळे श्वासनलिकेला सूज येते. बोर्डिंग, ग्रूमिंग सेंटर अशा ठिकाणी तो एकमेकांकडून पसरतो. लक्षणं २ ते १४ दिवसांत दिसतात. कुत्रा नीट खात-खेळत असेल, तर बहुतेकदा १ ते ३ आठवड्यांत बरा होतो. तोवर त्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवा आणि गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरा.

कोणती लक्षणं गंभीर?

- डिस्टेंपर: ताप, डोळ्यांतून-नाकातून घट्ट स्राव, खोकला, उलटी-जुलाब. पुढे स्नायू उडणं किंवा झटके येणं. या विषाणूवर थेट औषध नाही, लस हाच बचाव.
- पार्वो: खोकला नसतो. सतत उलट्या, दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब, गळून जाणं. लहान पिल्लं १-२ दिवसांतही दगावू शकतात.
- लेप्टो: उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होतो, पावसाळ्यात धोका जास्त. ताप, उलट्या, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं. माणसांनाही होऊ शकतो.

घरी काय तपासाल?

- श्वास: झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते, ते मोजा. सतत ३० पेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांना कळवा.
- हिरड्या: एरवी गुलाबी असतात. पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर लगेच दवाखाना गाठा. (काही जातींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे जीभ बघा.)
- ताप: कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. म्हणजे हाताला गरम लागला की ताप, असं नाही. गुदद्वारात थर्मामीटर लावूनच खात्री होते.

पोट आत खेचून श्वास घेणं, २४ तास काहीच न खाणं, झटके, रक्ताचे जुलाब यापैकी काहीही दिसलं किंवा आजारी पिल्लू लस न झालेलं असेल, तर 'उद्या बघू' म्हणू नका.

या दोन चुका टाळा

पहिली, घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देणं. यातून कुत्र्याला विषबाधा होऊ शकते.

दुसरी, घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालणं. लाळ गळणं, गिळता न येणं, जबडा लोंबणं, आवाज बदलणं, अचानक आक्रमक किंवा सुस्त होणं ही रेबीजचीही लक्षणं आहेत. चावा बसला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. माणसात लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो.

लस कधी?

पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की डिस्टेंपर-पार्वोची लस सुरू होते आणि १६ आठवड्यांपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी डोस दिले जातात. रेबीजची लस वेगळी असते. पुढचे बूस्टर चुकवू नका. लसीकरण कार्डचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.