मेणानें बांधलेला रंग

पांढऱ्या जाड कागदावर मेणखडूनें लाल रंग भरला, म्हणजे तो कितीहि घांसला तरी कागदाचे पांढरे दाणे मधून मधून उघडे राहतातच. रंगीत पेन्सिलीचीहि तीच गत. परंतु त्याच रंगावर टर्पेंटाइनांत किंचित् भिजविलेली कागदाची वळकटी हलक्या हातानें फिरविली, कीं चित्र पालटतें. दाणे बुजतात, रेघा विरघळतात, लाल आणि पिवळा जेथें एकमेकांवर चढलेले असतात तेथें नारिंगी छटा उमटते, आणि मघांचें रेघोट्यांचें फूल एकाद्या छापील चित्रासारखें दिसूं लागतें. हातानें शुभेच्छापत्रें करणाऱ्यांना ही युक्ति चांगली ठाऊक असते. मात्र या लहानशा चमत्कारामागें रंग आणि मेण यांचा दोन हजार वर्षांचा संसार आहे, आणि त्यांत एक धोकाहि दडलेला आहे, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या लक्षांत येते.

रंग हा मुळांत भुकटी असतो. कोठें माती, कोठें काजळी, कोठें धातूचा क्षार. ही भुकटी कागदावर नुसती टाकली तर वाऱ्यानें उडून जावयाची. तिला धरून ठेवणारें कांहींतरी लागतें. कोणी गोंद घेतला, कोणी अंड्याचा बलक, कोणी जवसाचें तेल, आणि कोणी मधमाशांचें मेण. मेणाची परंपरा यांत फार जुनी. इजिप्तमधील फायूम प्रांतांत इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंतचीं मृतांचीं मुखचित्रें सांपडलीं आहेत. लांकडी फळीवर काढलेलीं हीं चित्रें ममीच्या तोंडावर बांधीत असत, आणि त्यांतील पुष्कळशीं मेणांत रंग कालवून काढलेलीं आहेत. त्या माणसांचे डोळे आजहि पाहणाऱ्याकडे टक लावून बघतात. प्लिनी या रोमन ग्रंथकारानेंहि पहिल्या शतकांत मेणाच्या चित्रकलेचें वर्णन करून ठेवलें आहे. मात्र या कलेंत शेजारीं विस्तव लागे. थंड झालेलें मेण जागचें हलत नाहीं. त्याला हलवावयाचें तर उष्णता द्यावी, नाहीं तर त्याला विरघळविणारा द्रव द्यावा. पहिला मार्ग मुख्यतः प्राचीनांचा, दुसरा अर्वाचीनांचा.

या दुसऱ्या मार्गाची छापखान्याशीं गांठ पडली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि ती घालून देणारा गृहस्थ नाटककार होता. आपलीं नाटकें स्वस्तांत छापतां यावीं म्हणून म्युनिक येथें अलॉइस सेनेफेल्डर खटपट करीत होता. १७९६ च्या सुमारास त्याचें लक्ष बव्हेरियांतील गुळगुळीत चुनखडीच्या दगडाकडे गेलें. मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या खडूनें त्या दगडावर लिहिलें, दगड ओला केला आणि वर तेलकट शाई फिरविली, तर शाई फक्त स्निग्ध रेघांनाच चिकटते व बाकीचा ओला दगड कोरा राहतो. हीच शिळाछापाची कला. गंमत अशी कीं, छापण्यापूर्वीं मूळ खडूची रेघ टर्पेंटाइननें पुसून टाकावी लागते. काळेपणा निघून जातो, आणि दगडांत मुरलेली स्निग्धता मागें राहून शाईला बोलावून घेते. महाराष्ट्राला ही कला परकी नाहीं. पुण्यास १८७८ सालीं निघालेल्या चित्रशाळेनें आणि मुंबईस १८९४ सालीं सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यानें शिळाछापाच्या याच कलेनें देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचविलीं. आणि अशा कित्येक चित्रांवर जर, टिकल्या व कापडाचे तुकडे चिकटवून हौशी लोकांनीं छापील वस्तूला पुन्हा हाताचा स्पर्श दिला.

छापील नाताळपत्राचा जन्महि शिळाछापांतूनच झाला. १८४० सालीं इंग्लंडांत एका पेनींत पत्र देशभर जाऊं लागलें. या सुधारणेंत रोलंड हिल यास साह्य करणाऱ्यांपैकीं हेन्री कोल यानें १८४३ च्या नाताळांत जॉन कॅल्कॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढवून घेतलें. मध्यें मेजवानीस बसलेलें कुटुंब, आणि दोन्ही बाजूंस गरिबांना अन्न व वस्त्र देण्याचे देखावे. सुमारें एक हजार प्रती छापल्या; छाप केवळ रेघांचा, रंग मात्र हातानें भरलेले. किंमत एक शिलिंग, म्हणजे टपालाच्या बारापट! चित्रांतील लहान मुलाच्याहि ओठीं मद्याचा पेला लावलेला होता, म्हणून मद्यनिषेधकांनीं टीकेची झोड उठविली ती वेगळीच. अमेरिकेंत एस्थर हाउलंड ही तरुणी १८४७ सालीं शिक्षण संपवून वुस्टर गांवीं घरीं आली, आणि इंग्लंडाहून आलेलें एक प्रेमपत्रिकेचें कार्ड पाहून तिनें तशीं कार्डें करण्याचा उद्योग मांडला. मेजाभोंवतीं मुली बसत. एकीनें चित्र कातरावें, दुसरीनें चिकटवावें, तिसरीनें जाळीदार कागद लावावा, अशी कामाची वांटणी होती. पुढें बॉस्टनच्या लुई प्रँग यानें एकेका रंगाला एकेक दगड योजून अनेक रंगांचा छाप साधला, आणि १८७४ सालीं अमेरिकेच्या बाजारांत नाताळपत्रें आणलीं. रंग भरणारा हात त्या धंद्यांतून हळूहळू बाजूला पडला.

हातानें रंगविण्याच्या या युगाची दुसरी बाजू मात्र काळी होती. जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें १८१४ सालीं तयार होऊं लागलेला एक तेजस्वी हिरवा रंग त्या काळीं फार लोकप्रिय झाला होता. तो तांबें आणि सोमल यांच्या संयोगाचा. भिंतीचे कागद, कापड, कृत्रिम फुलें, सर्वत्र तोच. लंडनमध्यें कृत्रिम फुलांच्या पानांवर ही हिरवी भुकटी शिंपडण्याचें काम करणारी मॅटिल्डा शॉइरर ही १९ वर्षांची मुलगी नोव्हेंबर १८६१ मध्यें सोमलाच्या विषबाधेनें तडफडून मेली, आणि वृत्तपत्रांत मोठा गवगवा झाला. विष रंगांत होतेंच; परंतु तें तिच्या श्वासांत आणि नखांत शिरलें तें रंग मोकळी भुकटी होता म्हणून. रंग कोणता, एवढाच प्रश्न पुरेसा नव्हे. तो कशानें बांधला आहे, हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा.

बांधण्याचें स्वस्त साधन त्याच शतकांत हातीं आलें. १८३० सालीं कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें लांकडाच्या डांबरांतून पॅराफिन नांवाचें मेण वेगळें काढलें. पुढें तेंच खनिज तेलांतून विपुल मिळूं लागलें. अमेरिकेंतील बिनी आणि स्मिथ या मंडळींनीं १९०३ सालीं अशा मेणांत रंग कालवून आठ खडूंची पेटी काढली आणि पांच सेंटांस विकली. काळा, तपकिरी, निळा, लाल, जांभळा, नारिंगी, पिवळा व हिरवा असे ते आठ रंग. ‘क्रेयोला’ हें नांव एडविन बिनी यांच्या पत्नी ॲलिस यांनीं सुचविलें. फ्रेंच भाषेंतील ‘खडू’ आणि ‘तेलकट’ या दोन शब्दांची ती जोड होती. ॲलिसबाई स्वतः शिक्षिका होत्या, हें येथें विसरतां येत नाहीं.

पेन्सिलीची कहाणी याहून थोडी निराळी. इंग्लंडशीं युद्ध चालू असल्यामुळें फ्रान्सला तेथील ग्रॅफाइट मिळेनासें झालें, तेव्हां निकोला-झाक काँते यानें १७९५ सालीं ग्रॅफाइटची भुकटी मातींत कालवून ती कांडी भट्टींत भाजण्याची युक्ति काढली. रंगीत पेन्सिलीला ही भट्टी मानवत नाहीं. रंगच जळून जावयाचा. म्हणून तिच्या कांडींत रंगाबरोबर माती, डिंक आणि मेण किंवा तेल घालतात, आणि ती न भाजतां वाळवितात. जर्मनींतील फाबर-कास्टेल कंपनीनें १९०८ सालीं चित्रकारांसाठीं ‘पॉलिक्रोमॉस’ पेन्सिली काढल्या, त्या याच जातीच्या. खडू काय किंवा पेन्सिल काय, भुकटी उडत नाहीं आणि पाण्याचा पेला सांडत नाहीं. रंग प्रथमच खऱ्या अर्थानें मुलाच्या मुठींत आला.

परंतु बांधलेला रंग हट्टी असतो. तो कागदाच्या उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत उतरत नाहीं. येथें द्रावकाचें काम सुरू होतें. टर्पेंटाइन हें चीडसारख्या वृक्षांच्या राळेपासून ऊर्ध्वपातनानें काढतात; मिनरल स्पिरिट हें खनिज तेलापासून, म्हणजे घासलेटाच्याच कुळांतलें. पॅराफिनहि त्याच कुळांतलें. रसायनशास्त्राचा साधा नियम असा कीं, सजातीय सजातीयांत विरघळतें. म्हणून पाणी मेणावरून ओघळून जातें आणि हे द्रव मेणांत शिरतात. मेण सैल झालें, कीं रंग खळग्यांत वाहतो. द्रव उडून गेला, कीं मेण त्याला नव्या जागीं पुन्हा बांधतें. एदगार दगा हा फ्रेंच चित्रकार तैलरंगांतील तेल टिपकागदानें शोषून घेऊन त्यांत टर्पेंटाइन घालीत असे, आणि जलरंगासारखा पातळ पण लवकर सुकणारा रंग मिळवीत असे. तत्त्व एकच: बांधणारें तें सैल करावें आणि रंगाला चालतें करावें.

कार्ड करणाऱ्याची रीति यापेक्षां साधी आहे. कागद जाड व किंचित् खरखरीत घ्यावा. आकृतीच्या कडेला रंग दाट द्यावा आणि मध्यभागीं विरळ ठेवावा. कागदाच्या वळकटीचें टोंक द्रावकांत बुडवून फडक्यावर टिपून घ्यावें. तें ओलसर असावें, निथळतें नसावें. फिकट रंगापासून आरंभ करून गर्द रंगाकडे लहान लहान वर्तुळांनीं जावें, आणि दर रंगाला वळकटीचें स्वच्छ टोंक वापरावें. पेन्सिलीचा रंग लवकर वश होतो, मेणखडूच्या जाड थराला दोन-तीन हात लागतात. कार्ड पुरतें सुकल्याशिवाय तें पाकिटांत घालूं नये.

आणि येथेंच त्या धोक्याची आठवण ठेवली पाहिजे. मेणानें जें बांधून ठेवलें तें द्रावक सोडवितो, आणि स्वतः हवेंत मिसळतो. टर्पेंटाइनच्या वाफेनें डोकें दुखतें, डोळे चुरचुरतात, कित्येकांच्या कातडीवर पुरळ उठतें. आणि हे दोन्ही द्रव पेट घेणारे आहेत. बाजारांत बिनवासाचें मिनरल स्पिरिट मिळतें, परंतु वास नाहीं म्हणजे वाफ नाहीं असें नव्हे. महाराष्ट्रांत हातचीं शुभेच्छापत्रें बहुधा दिवाळीच्या तोंडावर होतात, आणि त्याच दिवसांत घरांत पणत्या, उदबत्त्या व फराळाच्या शेगड्या पेटलेल्या असतात. तेव्हां खिडकी उघडी, दिवा दूर, द्रव बाटलीच्या झांकणांत मावेल एवढाच, आणि वापरलेलें फडकें बाहेर वाळत, एवढा नेम पाळणें अवघड नाहीं. लहान मुलांच्या हातीं मात्र द्रावक देऊंच नये. त्यांच्यासाठीं कोरडी वळकटी आहे, किंवा पाण्यांत विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली आहेत. स्वित्झर्लंडमधील कारान दाश या कारखान्यानें अशा पेन्सिली १९३१ सालींच काढल्या.

नुसत्या बांधणीवरहि विसंबून चालत नाहीं, हेंहि अनुभवास आलें आहे. अमेरिकेंत १९८८ सालीं कायदा झाला कीं, चित्रकलेच्या साहित्यांत दीर्घकाळानें अपाय करणारा पदार्थ असल्यास तें वेष्टनावर लिहिलें पाहिजे. तरीहि १९९४ मध्यें बाहेरून आलेल्या कांहीं मेणखडूंत शिसें आढळून ते परत मागवावे लागले, आणि २००० मध्यें कांहीं खडूंतील शंखजिऱ्यांत ॲस्बेस्टॉसचे अंश सांपडल्यावर कारखानदारांनीं शंखजिरें सोडून देण्याचें मान्य केलें. मॅटिल्डा शॉइररच्या मृत्यूला तेव्हां जवळ जवळ १४० वर्षें लोटलीं होतीं; प्रश्न तोच होता, रंगाबरोबर घरांत काय येतें?

छापील कार्ड कोणीहि विकत घेतो. हातानें रंगविलेल्या कार्डांत देणाऱ्याचा वेळ मुरलेला असतो, म्हणून तें पेटींत जपून ठेवलें जातें. तो वेळ मोकळ्या हवेंत घालविलेला असावा, इतकेंच.