पन्नाशीनंतर एकटीनं शहर बघायला जायचंय? समुद्रपूरहून चंद्रपूरची सफर अशी करता येईल

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. साधी लालपरी असो, शिवशाही असो, सगळ्या गाड्यांत. त्याच्या आधी, २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटी फुकट झाली होती आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट होतंच. म्हणजे समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या पन्नाशी-साठीच्या बाईला घराबाहेर पडायला आता पूर्वीपेक्षा निम्मेच पैसे लागतात.

गाडीत त्या दिसतातही. पण विचारलं तर कोणी माहेरी निघालेली असते, कोणी लग्नाला, कोणी नातवाला बघायला, कोणी दवाखान्यात. आपल्या भागात नागपूर म्हटलं की डॉक्टर नाहीतर साड्या, आणि सेवाग्राम म्हटलं की आश्रमाच्या आधी कस्तुरबा हॉस्पिटल आठवतं. "फिरायला चालले" असं सांगणारी एकटी बाई विरळाच. तिकीट अर्धं झालं, पण कारण अजून पूर्ण द्यावं लागतं. देवदर्शन चालतं, तेही चार जणींसोबत. नुसतं एखादं जुनं शहर बघायचंय म्हणून एकटीनं जायचं म्हटलं, की घरातले आधी तब्येत विचारतात.

हा लेख त्या नुसत्या बघायला जाण्याबद्दल आहे. आणि शहर निवडलंय चंद्रपूर.

चंद्रपूरच का?

एक तर ते जवळ आहे. समुद्रपूरहून जाम चौरस्ता गाठला की नागपूर-चंद्रपूर गाड्या मिळतात. तिथून वरोरा, भद्रावती करत गाडी साधारण दोन तासांत चंद्रपूरला पोहोचते. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, त्यामुळे पहिल्याच वेळी मुक्कामाचा प्रश्न उभा राहत नाही. दुसरं, बघण्यासारख्या मुख्य जागा शहरातच आहेत आणि ऑटोनं फिरता येतात. गड चढायचा नाही, जंगलात शिरायचं नाही. चंद्रपूर म्हटलं की सगळे ताडोबाच सांगतात, पण वाघासाठी जिप्सीचं बुकिंग करावं लागतं आणि एकटीला ती परवडतही नाही. शहर मात्र परवडतं.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त पटतं. या शहराच्या गोष्टीत बायका मागे उभ्या नाहीत.

चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, ही गोंड राजांची राजधानी. त्याआधी राजधानी बल्लारपूरला होती. परंपरेनं सांगतात ती गोष्ट अशी: खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगावर बरे न होणारे फोड होते. शिकारीला गेला असता त्यानं झरपट नदीतल्या एका डबक्याचं पाणी प्यायलं, तोंड धुतलं आणि त्याला बरं वाटू लागलं. हा बदल राणीच्या लक्षात आला. तिनं ती जागा शोधायला लावली, आणि तिथे अचलेश्वराचं मंदिर उभं राहिलं. पुढे एक ससा शिकारी कुत्र्याच्या मागे लागलेला राजानं पाहिला. ससा कुत्र्याला पळवतोय म्हणजे ही जागा काही साधी नाही, इथेच नगर वसवा, हा सल्लाही राणीचाच. गोष्ट खरी की दंतकथा हा वेगळा मुद्दा, पण शहराची जागा राणीनं ठरवली असं सांगणारी गोष्ट लोकांनी शेकडो वर्षं जपली, हे मला विशेष वाटतं.

त्यानंतरची राणी मात्र दंतकथेतली नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा बीरशाह मारला गेला. त्याची पत्नी राणी हिराई हिनं दत्तक मुलगा रामशाह याच्या नावानं कारभार हाती घेतला. आज आपण बघतो ते महाकाली मंदिर तिनं बांधलं आणि नवऱ्याची समाधीही तिनंच. राजानं राणीसाठी बांधलेल्या वास्तू आपल्याला पाठ आहेत. इथे उलटं आहे, आणि तेही समुद्रपूरपासून शंभर किलोमीटरच्या आत.

काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं?

चंद्रपूरला भिंत आहे. किल्ल्याची तटबंदी शहराभोवती सुमारे ११ किलोमीटर फिरते. तिला चार मोठे दरवाजे आहेत: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच लहान दरवाजे, ज्यांना इथे 'खिडकी' म्हणतात. जटपुरा गेटमधून आजही दिवसभर गाड्या जातात, त्यामुळे तो बघायचा म्हणजे आधी हॉर्न ऐकायचे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तटावर झाडं वाढली होती, कचरा साचला होता. २०१७ मध्ये 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदानातून तो साफ करायला घेतला आणि शेकडो दिवस ते काम केलं. त्यांनी किल्ल्याचे हेरिटेज वॉकही घेतले आहेत. एकटीनं जाणाऱ्या बाईला असा गट मिळाला तर उत्तम, कारण सोबतही होते आणि माहितीही मिळते. जाण्याआधी चौकशी करून घ्या. गट नसेल तर तटाच्या निर्मनुष्य भागावर एकटीनं चढू नका. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही, दगड निसटतात आणि मदतीला कोणी नसतं.

बसस्टँडवरून ऑटो करून आधी अचलेश्वर गेटकडे जावं, सकाळी ऊन चढायच्या आत. तिथे अचलेश्वर मंदिर आहे आणि त्याला लागूनच गोंड राजांच्या समाध्यांचं आवार. आत गेलं की सगळ्यात मोठी, देखणी समाधी दिसते ती बीरशाहची. आवार शांत असतं. इथे घाई करू नका. बसायला जागा आहे, सावली आहे, आणि एकटीनं आल्याचा फायदा इथेच कळतो: चला-चला म्हणणारं कोणी नसतं.

महाकाली मंदिर तिथून जवळ आहे. मंदिराबद्दल एक कथा सांगतात. बीरशाहच्या मुलीचा तिच्या सासरी, देवगडच्या राजघराण्यात, अपमान झाला. बापानं चाल करून जावयाला मारलं आणि त्याचं शिर देवीला वाहिलं. ऐकून अंगावर काटा येतो, पण सासरी गेलेल्या मुलीसाठी बाप लढायला उठला ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही मावशीला दोनदा सांगावी लागत नाही.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर लालपेठ भागात जा. तिथे उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडलेल्या आहेत. रायप्पा कोमटी नावाच्या व्यापाऱ्यानं मोठं देवालय बांधायला घेतलं, मूर्ती घडवल्या, पण मंदिर काही झालं नाही. दशमुखी दुर्गेच्या मूर्तीला लोक रावण समजतात. इथे जाताना ऑटोवाल्याला थांबवून ठेवा, परतीचं भाडं आधीच ठरवून.

आणि दीक्षाभूमी. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली हे सगळ्यांना माहीत आहे, पण दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूरलाही दीक्षा दिली हे विदर्भाबाहेर कमी जणांना ठाऊक असतं.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चंद्रपूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो. नेमकी त्याच तोंडावर चैत्रात महाकालीची मोठी यात्रा असते आणि मराठवाड्यातून, तेलंगणातून लाखो भाविक येतात. यात्रेसाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण शहर बघायला ते दिवस नकोत. १५-१६ ऑक्टोबरलाही दीक्षाभूमीवर मोठी गर्दी होते, लॉज भरलेले असतात. बीपीची, शुगरची गोळी पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको. बॅग गाडीत वर जाते आणि पर्स हातात राहते.

रेल्वेनं गेलं तर?

हिंगणघाटहून चंद्रपूरला रेल्वेही जाते, वरोरा आणि भांदकवरून. एक लक्षात ठेवा: चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत. हिंगणघाटकडून येणारी गाडी 'चंद्रपूर' स्टेशनवर थांबते. 'चांदा फोर्ट' हे वेगळं स्टेशन गोंदियाच्या लाइनवर आहे. मोबाइलवर तिकीट काढून देणाऱ्या मुलांनी हे बघावं.

पुढे कधी लांबचा प्रवास ठरला तर एक नियम कामाचा आहे. आरक्षित डब्यात ४५ वर्षांपुढच्या महिलांसाठी लोअर बर्थचा कोटा असतो. ज्येष्ठ नागरिक आणि गर्भवती यांच्यासह तो एकत्रित आहे, स्लीपरमध्ये डब्यामागे सहा-सात बर्थ. पण तिकिटावर एकटी बाई किंवा फार तर दोन पात्र प्रवासी असतील तरच तो मिळतो. घरच्या पाच जणांच्या तिकिटात आईचं नाव घातलं की हा हक्क जातो. रेल्वेच्या नियमात एकटीनं जाण्याचा फायदा आहे तो असा. भाड्यातली सवलत मात्र आता नाही. ५८ वर्षांवरच्या महिलांना मिळणारी निम्मी सूट मार्च २०२० मध्ये बंद झाली.

आणखी एक तरतूद. रेल्वे कायदा १९८९, कलम १३९. सोबत पुरुष नसलेल्या बाईला तिकिटाच्या कारणावरून वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी आणि तेही दिवसा. तिकीट काढू नका असा याचा अर्थ नाही. पण पर्स हरवली, तिकीट सापडेना, तर रात्री आडबाजूला उतरवून देतील ही भीती नको.

व्हॉट्सॲपवर फिरणारे दोन मेसेज

पहिला: १८६७ च्या सराय कायद्यानुसार कोणत्याही हॉटेलात पाणी आणि स्वच्छतागृह फुकट वापरू देणं बंधनकारक आहे. त्या कायद्यात असं थेट लिहिलेलं कलम नाही. काउंटरवर कायदा सांगत बसण्यापेक्षा एक चहा घ्या आणि विचारा, बहुतेक ठिकाणी कोणी नाही म्हणत नाही. हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका आपल्या घरात आहेत. तेव्हा बसस्टँडवर उतरल्यावर एकदा, जेवणाच्या हॉटेलात एकदा आणि परतीच्या गाडीआधी एकदा, असं ठरवूनच निघा आणि पाणी पीत राहा.

दुसरा: रात्री महिलांना घरी सोडायला पोलिसांचा अमुक नंबर. हे नंबर दर वेळी वेगळे असतात. लक्षात ठेवायचा आकडा एकच, ११२. रेल्वेत १३९, ज्येष्ठांसाठी १४५६७.

मुक्काम करायचा झाला तर

एकट्या बाईला खोली देऊ नका असा कुठलाही कायदा नाही. तरीही लॉजवाला कां-कूं करू शकतो. म्हणून दारात जाऊन विचारण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा आणि "मी एकटीच आहे" हे आधीच स्पष्ट सांगा. ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड चालतं. आधारच द्यायचं असेल तर 'मास्क्ड आधार' काढून ठेवा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

लोक काय विचारतात?

"एकट्याच चालल्या का वो काकू?" हा प्रश्न येणार. बहुतेक वेळा त्यात काळजीच असते, कधी नुसती चौकशी. ज्यांचे पती वारले आहेत त्यांना पुढचा प्रश्न कपाळाकडे बघून येतो. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. "हो, शहर बघायला आले" एवढं पुरतं. शेजारी बसलेल्या बाईला मात्र दोन शब्द बोलून ठेवा, उतरताना बॅग तीच काढून देते.

हा लेख तुम्ही आईला किंवा काकूला पाठवणार असाल तर सोबत एवढं करा. फोनमध्ये लाइव्ह लोकेशन चालू कसं करायचं ते घरीच दोनदा करून घ्या. मोबाइल पूर्ण चार्ज करा आणि तुमचे दोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. आणि दर अर्ध्या तासाला फोन करू नका, बॅटरी त्यातच संपते.

चंद्रपूरला उतरल्यावर सगळ्यात आधी चौकशीच्या खिडकीवर परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारा. जामपासून पुढे समुद्रपूरला संध्याकाळी उशिरा काय मिळतं हे निघण्याआधी गावातच विचारून ठेवा, आणि शेवटच्या गाडीवर न राहता तिच्या आधीची धरा.