माती पेलणारी भिंत

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे दरवाजांचे शहर म्हणून ख्यात आहे. दरवाजांविषयी विपुल लिहिले गेले आहे. इ. स. १६८२ च्या सुमारास औरंगजेबाने बांधवून घेतलेल्या तटालाही इतिहासात मानाचे स्थान आहे. परंतु बागेतील माती उचलून धरणाऱ्या भिंतीची दखल सहसा कोणी घेत नाही. ती शत्रूला अडवीत नाही. तिच्या माथ्यावर गुलाब फुलतात आणि पाहणाऱ्याची नजर गुलाबांवरच खिळते. तरीही या नगरीची खरी विद्या पाहायची असेल, तर अशा भिंतीपाशी थोडे थांबावे लागते.

घराची भिंत मुख्यतः वरचा भार झेलते; बागेच्या भिंतीला मात्र आडवा रेटा सोसावा लागतो. मातीचा थर जितका खोल, तितका हा रेटा अधिक. म्हणून अशी भिंत पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी निमुळती बांधतात, मातीच्या बाजूला तिला किंचित कलही देतात. मराठवाड्याची काळी माती तर विशेष हट्टी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. म्हणून जाणता गवंडी पाया काळ्या मातीत न ठेवता खाली मुरमापर्यंत नेतो, भिंतीच्या पाठीशी दगडगोटे व मुरूम भरतो आणि पायथ्याजवळ पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवतो. भिंत पडते ती बहुधा मातीपेक्षा मातीत कोंडलेल्या पाण्यामुळे. पाण्याला वाट दिली, तर भिंतीचे आयुष्य वाढते.

पाण्याला वाट देण्याची ही कला या शहराच्या जन्मापासूनची आहे. हबशी गुलाम म्हणून दक्षिणेत आलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे राजधानी वसविली. त्याने डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या नहरीने केवळ उताराच्या बळावर शहरात खेळविले. मोगल काळात येथे बागा फुलल्या त्या या जलविद्येच्या आधारावर.

या विद्येचा सुंदर नमुना म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की. अठराव्या शतकात तिची उभारणी झाली. दूरवरून मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच चढवून खाली सोडले जाई आणि त्या धारेवर जाते फिरे. त्यावर दळलेल्या पिठातून यात्रेकरू व फकीर यांचे अन्न होत असे. समोरचा हौद सुमारे १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद आहे. वर उभ्या असलेल्या माणसाला ते एक शांत जलाशय वाटते. खाम नदीच्या अंगाने पाहिले म्हणजे कळते की, हा हौद एका विस्तीर्ण दालनाचे छत आहे. भक्कम खांब आणि जाड भिंती यांनी एवढे पाणी डोक्यावर धरले आहे. छतातून झिरपणाऱ्या ओलाव्याने दालन गार राहते आणि जादा पाणी नदीला मिळते. येथील कारागिरांनी पाण्याशी वैर धरले नाही. त्याला कामाला लावले आणि मग सन्मानाने निरोप दिला.

विटेची थोरवीही याच कामात दिसते. आपल्याकडचा काळा पाषाण बळकट खरा, पण घडवायला कठीण. म्हणून पायात आणि गाभ्यात दगड, तर कमानीत व दर्शनी भागात वीट, अशी वाटणी अनेक ठिकाणी आढळते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटातही खाली दगड आणि वर वीट आहे. चांगल्या दर्शनी बांधकामात काही विटा आडव्या घालून गाभ्यात खोल रुतवितात. त्यामुळे चेहरा आणि कणा एकजीव होतात. एवढे कष्ट टाळले, की चार पावसाळ्यांत विटांचा थर पोट सुटल्यासारखा फुगून सुटा होतो. फुटक्या विटाही वाया जात नसत. त्यांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळून घाणीत मळली की तो चुना ओलीतही घट्ट धरतो. दर्शनी सौंदर्य आणि आतला भार यांचा असाच मेळ बीबी का मकबऱ्यातही दिसतो. १६६१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वास्तूत संगमरवर मोजक्याच जागी आहे. उरलेल्या काळ्या दगडावर नितळ गिलावा चढविलेला आहे. ताजमहालाशी तुलना करून तिला हिणवणारे हे विसरतात, की गिलाव्याखालचा दगडच साडेतीन शतके तिचा भार वाहत आहे.

आज बंगल्याच्या बागेला सिमेंटची भिंत उभारून तिच्यावर विटांच्या पातळ चकत्या चिकटवितात. त्यात गैर काही नाही, पाण्याची वाट ठेवली असेल तर. पण शहराच्या बाबतीत आपण तेवढेही भान राखलेले नाही. नव्या बांधकामांखाली नहरीच्या वाटा ठिकठिकाणी बुजल्या, तट बहुतांशी नाहीसा झाला. उरलेल्या वास्तूंची रंगरंगोटी करून वारसा जपता येणार नाही. खापराचे नळ, नहरीचे झरोके, हौदाचे पाझर हेच त्या वास्तूंचे पाठबळ आहे. ते ढासळले तर पाणचक्की केवळ छायाचित्रापुरती उरेल. म्हणून या शहरात जुनी भिंत दुरुस्त करायला निघालेल्याने पहिला प्रश्न विटेचा विचारू नये. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे आधी शोधावे. विटा मागाहून लावता येतात.